ज्याचं कुत्रं, त्याच्या पाच खेपा

नगराळे सिस्टर माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. पायावरून ओळखतात. आर्णीच्या आठवडी बाजारात तुम्ही त्यांच्यापुढे उभे राहून दहा वेळा 'जयभीम सिस्टर' म्हणा, त्या चष्म्यातून तुमच्याकडे कोऱ्या नजरेनं पाहत राहतील. मग ती नजर हळूहळू खाली सरकेल, गुडघ्याच्या खाली येऊन थांबेल आणि चेहरा एकदम उजळेल.

"अरे! डावी पोटरी! तिसऱ्या इंजेक्शनले पळाला होता, थोच नं तू?"

हे सगळं भर बाजारात, भाजीवाल्यांच्या आवाजावर आवाज चढवून. मग मागून लोक विचारतात, कोण पळाला होता, कशाला पळाला होता. वांगी तशीच तराजूत राहतात.

एकदा आमच्या वॉर्डाच्या माजी नगरसेवकांचा सत्कार होता. साहेब पांढरेशुभ्र कपडे घालून स्टेजवर बसलेले. सिस्टर पहिल्या रांगेत. शेजारच्या बाईच्या कानात, पण माइकपर्यंत सहज पोचेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "हा पोटरीवाला नाही. हा बसाच्या जागेवाला." साहेब हार गळ्यात पडायच्या आधीच उभे राहिले, ते कार्यक्रम संपेपर्यंत बसले नाहीत.

सिस्टरनी तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या इंजेक्शनच्या खोलीत काढली. मुकुटबन, उमरखेड, मधे आणखी दोन-तीन गावं, आणि शेवटी आर्णी. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "बदल्याच एवढ्या झाल्या, कोण्या गावात करू?" आता निवृत्त होऊन बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्यांत राहतात. निवृत्त फक्त पगारापुरत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत कपड्याचा साबण, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, अशा त्या रोज सकाळी वॉर्डात फिरतात आणि कुत्रा घेऊन निघालेला कोणी दिसला की दुरूनच विचारतात, "टोचलं का?" बँकेत नवीन बदलून आलेल्या साहेबांनी पहिल्या दिवशी घाबरून स्वतःचीच बाही वर केली होती.

त्यांची दिवस मोजायची पद्धतही वेगळी. शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. कुत्रं चावलेल्या माणसाला ज्या ज्या दिवशी सुई घ्यायची असते, ते हे पाच दिवस. शेजारणीनं विचारलं, "सिस्टर, पोरीचं लगन किती दिवसांवर आलं?" तर या म्हणाल्या, "चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी." शेजारीण बिचारी घरी जाऊन कोण गेलं ते विचारत बसली.

आता या गोष्टीत मी कुठून आलो, ते सांगतो.

माझं मोटर बांधायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती माझ्याकडे आणतो आणि मी तिच्यात नवी तांब्याची तार भरून देतो. दुकान पुढे, घर मागे, दोन्हीला मिळून एक अंगण आणि एक गेट. दोनदा तार चोरीला गेली, तेव्हा मेव्हण्यानं उमरखेडहून एक पिल्लू आणून दिलं. आई गावठी, बाप कुठल्याशा फार्महाउसवरचा परदेशी. पिल्लू बापावर गेलं. वर्षभरात वासराएवढं झालं. नाव ठेवलं टायगर.

टायगर गेटवर कोणाच्या अंगावर धावून गेला की मी आतून, हातातलं तारेचं वेटोळं न सोडता, ओरडायचो, "काही करत नाही थो!"

हे वाक्य मी शिकलो नव्हतो. कुत्रा घरी आला की ते आपोआप तोंडात येतं. सिस्टरनी ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी त्या गेटबाहेर थांबल्या, टायगर त्यांच्यावर भुंकत असताना शांतपणे मला म्हणाल्या, "काही करत नाही, त ठेवला कायले? काही न करणारा त तू आहेसच घरात."

आतून माझी बायको सुनंदा इतकी हसली, की चहा उतू गेला.

"गेटले कडी आहे का?" सिस्टरनी विचारलं.

"आहे नं."

"लावतं का?"

"बहुतेक लावतो."

"बहुतेक नावाची कडी मी कोण्या दुकानात नाही पाह्यली, प्रकाश," असं म्हणून त्या पुढे गेल्या. मी त्यावर हसलो. दुकानात आलेल्या चार गिऱ्हाइकांना सांगून पुन्हा हसलो.

पंधरा दिवसांनी कादरचाचा आले. कादरचाचा म्हणजे गाद्या भरणारे. सत्तरीचे, पांढरी दाढी, अंगावर नेहमी कापसाचे तंतू. आमच्या दोन जुन्या गाद्या पिंजायला न्यायच्या होत्या, आणि त्यांना मीच बोलावलं होतं. त्या दिवशी कडी बहुतेक लावलेली नव्हती. चाचांनी गेट ढकललं, टायगर उठला, मी आतून माझं वाक्य म्हणालो, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत टायगरनं ते खोटं करून दाखवलं.

मी बाहेर आलो तेव्हा चाचा ओट्यावर बसलेले होते. उजव्या पोटरीतून रक्त वाहत होतं आणि ते मलाच समजावत होते, "कुछ नहीं बेटा. जरासं लागलं. घाबरू नको."

पाच मिनिटांत सगळी गल्ली जमली. एकीनं मिरचीपूड आणली, एकानं चुना, एक जण घासलेटची बाटली घेऊन धावत आला. तेवढ्यात गर्दी फुटली आणि सिस्टर आल्या. त्यांना कोणी बोलावलं, ते आजवर कळलं नाही. त्यांनी मिरचीची वाटी नालीत फेकली, घासलेटवाल्याकडे असं पाहिलं की तो बाटलीसकट मागे सरकला, आणि चाचांना हाताला धरून आमच्या अंगणातल्या नळाखाली बसवलं. पिशवीतून साबण काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"धू."

"मी?"

"मंग कोण? कुत्रं तुयं का माह्यं?"

मी खाली बसलो. चाचांचा पाय हातात घेतला. सिस्टर घड्याळ पाहत माझ्या डोक्यावर उभ्या. "पंधरा मिनिटं. हात थांबवू नको. पाणी वाहू दे." चाचा लाजून पाय ओढून घेत होते. "रहने दे बेटा, पैर मत पकड, मला बरं नाही वाटत." मी इतका वेळ कोणाच्याच पायाशी बसलो नव्हतो, लग्नातसुद्धा नाही. सातव्या मिनिटाला लोक कंटाळून पांगले. दहाव्या मिनिटाला मला पहिल्यांदा त्या जखमेकडे नीट पाहावं लागलं. चार दातांच्या खुणा होत्या. दोन खोल होत्या. मग मला हसू वगैरे काही आठवलं नाही.

दवाखान्यात मीच नेलं. पहिली सुई झाली, जखमेच्या भोवतीनंही टोचलं. चाचा डोळे मिटून बसले होते. 

त्या रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीखाली वॉर्डाची सभा भरली. विषय एकच, कुत्री. बोलायला सगळेच उभे. घाटोळ गुरुजी, निवृत्त शिक्षक, कागदावर ठराव लिहूनच आले होते. गुडघ्यापेक्षा उंच कुत्रा वॉर्डात पाळायचा नाही.

"कोणाच्या गुडघ्यापेक्षा, गुरुजी?" कोणीतरी विचारलं. गुरुजी स्वतः सव्वापाच फूट. यावर दहा मिनिटं गेली.

कॉलेजात शिकणारी पल्लवी, जी गल्लीतल्या सगळ्या मोकाट कुत्र्यांना बिस्किटं घालते, ती रडवेली होऊन म्हणाली, कुत्रा वाईट नसतोच, त्याला तसा बनवतात. बांधकामाची कामं घेणारे लोखंडे, ज्यांच्याकडे दोन मोठे कुत्रे आहेत, ते म्हणाले, हा आमचा घरगुती मामला आहे. मग मागून एक जण उठला आणि म्हणाला, "कायले एवढी चर्चा? प्रकाशभौच्या कुत्र्याले गाडीत टाका अन् मुकुटबनकडं जंगलात सोडून द्या."

सिस्टर खुर्चीतून उठल्या.

"मुकुटबनले माणसं नाही राहत का? मी सहा वर्षं होती तिथं. तुमचं कुत्रं तिकडं चावलं त थ्यांच्या रगताचा रंग निराळा निंघते का?"

तो माणूस बसला. पण त्याच्याही मागून एक बारीक आवाज आला. पोळीतून काही घालून संपवायचं, अशा अर्थाचं कोणी काही बोललं. मी मान वर करू शकलो नाही. टायगर चावला होता, हे खरं. पण पिल्लू असताना तो माझ्या चपलेत झोपायचा, हेही खरं होतं.

"कोण बोललं?" सिस्टरनी विचारलं. "बोलणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. पोळी रस्त्यावर पडली का थे कोण उचलते, थे आपल्या हातात नसते."

मग त्या बोलल्या ते असं. "कुत्र्याले देवानं बुद्धी देल्ली थेवढीच. थे थ्या बुद्धीनं वागते. माहा सवाल हाये मालकाले किती देल्ली. उंच कुत्रं, बुटकं कुत्रं, मी तीस वर्षं पाय पाह्यले, दात सारखेच उमटतात. नियम कुत्र्यावर कायले करता? मालकावर करा."

गुरुजी लिहायला बसले. गेटला कडी पाहिजे, आणि टोचल्याचा कागद गेटवर दिसेल असा लावायचा. बाहेर काढायचं तर साखळी आणि तोंडाला मुसकं, आणि साखळी धरणारा असा पाहिजे की कुत्र्याला तो फिरवेल, कुत्रा त्याला नाही. इथं दोन-तीन घरांतल्या बारीक माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मोकाट कुत्र्यांचं काय, असं लोखंड्यांनी खोचून विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "जो पोळी टाकते, थो अर्धा मालक. थ्यानं टोचून आणायचं." यावर खरा गोंधळ झाला, कारण पोळी टाकत नाही असं घर वॉर्डात एकही नव्हतं. सगळेच अर्धे मालक निघाले.

"अन् शेवटचं लिवा, गुरुजी. ज्याचं कुत्रं चावलं, थ्यानं चावलेल्या माणसाले सोता दवाखान्यात न्यायचं. पाचही वेळा. दुसऱ्याले पाठवायचं नाही, पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. लायनीत बसायचं थ्याच्या बाजूले."

"मले एवढा टाइम नाही," लोखंडे म्हणाले.

"मंग कुत्रं आहे कायले?"

कादरचाचा मागे एका दगडावर पाय लांब करून बसले होते. ते उठायला लागले. "मेरे वास्ते झगडा मत करो. मी ऑटोनं जात जाईन."

"चाचा, तुमी बसा," सिस्टर म्हणाल्या. "तुमचा पाय आता साऱ्या वार्डाचा झाला."

हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात मी वर केला. मोठेपणा म्हणून नाही. दुसरीकडे कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. त्यानंतर बाकीचे हात वर गेले, लोखंड्यांचा सगळ्यांत शेवटी, खांद्याएवढाच.

टायगरवर दहा दिवस नजर ठेवायची होती. दहा दिवसांत कुत्रं धडधाकट राहिलं तर त्याला पिसाळण्याचा रोग नव्हता असं समजायचं. चाचांच्या सुया तरीही चुकवायच्या नाहीत, हे सिस्टरनी मला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. रोज सकाळी सातला त्या गेटबाहेर हजर. टायगर आत साखळीला. "काय टायगरसाहेब, पाणी पेले का? आवाज काढा पाहू." पहिले तीन दिवस टायगरनं साखळी तुटेल इतका आवाज काढला. चौथ्या दिवशी रीत म्हणून दोनदा भुंकला. सहाव्या दिवशी त्या पाच मिनिटं उशिरा आल्या, तर हा गेटकडे तोंड करून बसलेला.

तिसऱ्या दिवशीच्या सुईला मी एक लबाडी केली. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, दुकानात तीन मोटरी उघड्या पडलेल्या, तीन शेतकरी डोक्यावर बसलेले. मी चाचांना ऑटोत बसवून दिलं. अर्ध्या तासात दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "चाचा आले. कुत्रेवाला नाही आला." बस, एवढंच. मी मोटर तशीच टाकून पळालो. शेतकऱ्यांना वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. ते गेटपर्यंत माझ्यामागे आले.

सातव्या दिवशी मात्र मी वेळेवर होतो. लाइन मोठी होती. बाकावर मधे चाचा, एका बाजूला मी, एका बाजूला सिस्टर. चाचांनी सहज विचारलं, "सिस्टर, आप तो रिटायर हो गये. फिर काहून एवढी धावपळ?"

सिस्टर घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत बसल्या. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येईल. आला नाही.

"मी नवीन होती नोकरीत," त्या म्हणाल्या. "एक माणूस आला होता. वावरात चावलं होतं. दोन घेतले थ्यानं. तिसऱ्याले आला नाही. मी रजिस्टर उघडलं, थ्याच्या नावापुढं लिवलं, 'आला नाही'. माह्यं अक्षर चांगलं होतं तवा. अन् पुढचं नाव पुकारलं."

"मंग?" चाचा म्हणाले.

"मंग दीड महिन्यानं आणलं थ्याले. पाण्याचा गिलास पाह्यला का अंग आखडत होतं. थ्याची बायको मले म्हणे, सिस्टर, थे म्हणत होते जखम सुकली, आता कायले जाऊ. थ्या गावाले दुपारची बस होती, चाचा. माह्या खोलीच्या समोरून जाये. मी बसली असती, त झालं असतं. कोणी मले नाही विचारलं, तू काहून नाही गेली. रजिस्टर त बरोबर होतं नं माह्यं."

पुढे मला दवाखान्यातल्या जुन्या शिपायाकडून कळलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत सिस्टरच्या रजिस्टरमध्ये 'आला नाही' हे शब्द नाहीत. चुकलेल्या माणसाच्या नावापुढे त्या तारीख टाकून एकच शब्द लिहायच्या, 'आणला'. सुट्टीच्या दिवशी बसनं, बैलगाडीनं, एकदा तर वाळूच्या ट्रॅक्टरवर बसून त्या माणूस आणायला गेल्या होत्या. लोक म्हणायचे, कुत्र्यापेक्षा सिस्टर पाठलाग करते.

चौदाव्या दिवसाची सुई झाली. अठ्ठाविसाव्या दिवसाची झाली. या खेपांत मला कादरचाचांच्या घरच्या सगळ्यांची नावं पाठ झाली आणि चाचांना माझ्या दुकानातल्या उधार न फेडणाऱ्यांची. आमच्या दोन गाद्या त्यांनी अशा पिंजून दिल्या, की सुनंदा म्हणते, यांच्यावर बसलं की आत बुडायची भीती वाटते. वॉर्डातल्या अकरा गेटांना कड्या लागल्या. टायगरला बैलाचं मुसकं बसेना, म्हणून मोच्याकडून चामड्याचं शिवून घेतलं. पल्लवीनं चार घरांतल्या अर्ध्या मालकांना हाताशी धरून गल्लीतली सात कुत्री टोचून आणली, आणि त्यांतल्या एकाला धरून ठेवायला खुद्द लोखंडे गेले होते. मी गेटवर पाटी लावली, 'हा कुत्रा चावतो'. ती लिहिताना हात जड झाला होता. लावल्यावर हलकं वाटलं.

सिस्टर दहा दिवसांनंतरही रोज येतच होत्या. एक दिवस कडी सैल वाटली म्हणून. एक दिवस गेटवरचा कागद दवानं भिजला म्हणून. एक दिवस मुसक्याचा पट्टा घासतो का ते पाहायला. रोज काहीतरी काम असायचंच.

चाचांची शेवटची सुई झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो. सात वाजले आणि सिस्टर आल्या. खांद्याला पिशवी नव्हती.

"काय झालं, सिस्टर?" मी विचारलं.

"काही नाही. इकडून चालली होती, म्हटलं पाहावं."

इकडून म्हणजे कुठून? आमची गल्ली आमच्या घरापाशी संपते. पुढे नाल्याची भिंत आहे. इकडून कोणी कुठेच जात नाही. मी ते बोलणारच होतो, तेवढ्यात सुनंदानं मागून माझ्या बनियनला हिसका दिला. तिनं आतून प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, टायगरची साखळी पोचणार नाही अशा जागी ठेवली आणि पदरानं पुसली.

"बसा."

सिस्टर बसल्या. थोडा वेळ टायगरकडे पाहत राहिल्या. टायगर पुढच्या पायांवर डोकं टेकवून त्यांच्याकडे पाहत राहिला.

"काल वांगे केले होते," त्या म्हणाल्या. आमच्या तिघांपैकी कोणाला, ते कळलं नाही. "एकटीले दोन वांगे बस होतात. पण दोन वांगे मांगतले का थो भाजीवाला हासते. पाव किलोच्या खाली तोलत नाही. मंग दोन दिवस थेच खा लागते."

"मंग इकडं आणत जा नं," सुनंदा म्हणाली. "आमी वरण करतो, तुमी वांगे आणा."

सिस्टर खुर्चीच्या दांडीवरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता त्या उठतील, कामाचं काहीतरी काढतील आणि निघून जातील.

"तिखट चालते नं तुमाले?" त्यांनी विचारलं.